सढळ हात

‘सढळ हाताचा’ हे विशेषण आपल्याकडे गौरवाचे आहे. देवस्थानच्या पावतीपुस्तकात ज्यांच्या नावापुढे मोठे आकडे पडतात, समाराधनेच्या पंक्तीत ज्यांची तुपाची धार आखडत नाही, त्यांच्याविषयी बोलताना आपण ते योजतो. पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळात मात्र याच गुणाला ‘लूज’ म्हणतात आणि तो सावजाचा गुण मानतात. लूज खेळाडू म्हणजे ज्याच्याने हातची पाने टाकवत नाहीत असा गृहस्थ. कोणी पण लावला की तो ‘कॉल’ म्हणतो, तितकेच पैसे पुढे सरकवतो आणि पुढे काय निघते ते पाहत बसतो. अशा माणसासमोर नेमका किती रुपयांचा पण लावावा, या एका प्रश्नाने आमची सुमारे चार वर्षे मोठ्या आनंदात घेतली.

हे वाचून काही वाचकांच्या कपाळी आठी पडेल. बलिप्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे आणि त्या दिवशी शिवपार्वती फासे खेळली अशी कथा आपण घरच्या मुलांना कौतुकाने सांगतो, एवढे स्मरून त्यांनी आम्हांस पुढे बोलू द्यावे.

२०२१ च्या चवथीत आमचा भाचा बेंगळुरूहून घरी आला होता. आरत्या आटोपल्यावर पत्ते मांडावयाचे ही घरची जुनी रीत. पण त्या वर्षी मंडळी जमेनात, तेव्हा त्याने खिशातला फोन काढून आमच्यापुढे धरला. त्यावर एक हिरवे टेबल, भोवती सहा जागा आणि सहा टोपणनावे. प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात. मग मध्ये आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक अशी पाच पाने सर्वांसाठी उघडी पडतात आणि प्रत्येक टप्प्यावर पण लावण्याची संधी असते. मध्ये साठणाऱ्या पैशांस ‘पॉट’ म्हणतात. पाने वाटण्यापूर्वीच दोघांनी अनुक्रमे २ आणि ५ रुपये टाकावयाचे, म्हणून ते दोन-पाचचे टेबल. ५०० रुपये घेऊन बसले की रात्र निघे. तेलंगणात असल्या खेळास २०१७ पासूनच बंदी होती, हे आमच्या हैदराबादच्या वाचकांस ठाऊक असेल. आमच्याकडे तेव्हा तशी नव्हती.

आम्ही ३४ वर्षे खतावण्या लिहिलेल्या. पैशाचा हिशेब जिथे आहे तिथे आमचे मन रमते. भाच्याने पहिला धडा दिला तो असा : दोन एक्के हाती येणे हे २२१ डावांतून सरासरीने एकदाच घडते. समोर एकच प्रतिस्पर्धी, त्याची पाने कोणतीही, तर हे एक्के शंभरातून ८५ वेळा जिंकतात. तेच चौघे समोर राहिले तर ५६ वेळाच. पॉट मोठा होतो हे खरे, पण पुढचे प्रत्येक पान धास्ती घेऊन येते. सभ्य टेबलावर पाचाचे पंधरा केले की बहुतेक मंडळी पाने टाकतात. दोन-पाचच्या टेबलावर पंधराला कोणी दाद देत नसे, चौघेही हसतमुखाने आत येत. म्हणून तिथे पंचवीस म्हणावयाचे, आणि आधीच कोणी पाच-पाच टाकून बसले असतील तर माणशी आणखी पाच चढवावयाचे.

खरी गंमत पुढच्या टप्प्यांत आहे. समजा पॉटमध्ये २०० रुपये आहेत, चार पाने उघडी पडली आहेत, आणि समोरच्यास एक इस्पिक आले की फ्लश पुरा होऊन तो जिंकणार, न आले तर आम्ही. न दिसलेल्या ४६ पानांत त्याच्या कामाची ९. म्हणजे पाचातून एकदा, किंबहुना त्याहूनही किंचित कमी. आम्ही ५० रुपयांचा पण लावला तर तो ५० टाकून २५० मिळवू पाहतो. पुढे पण लागलाच नाही असे धरले तर असल्या प्रत्येक कॉलमागे सरासरीने त्याला सुमारे पावणेनऊ रुपयांचा फायदाच होतो. तोच पण २०० चा लावला तर तोच कॉल त्याला सरासरीने ८२ रुपयांहून अधिक तोट्यात नेतो. पाने तीच, माणूस तोच. बदलला तो केवळ आमच्या तोंडचा आकडा. हे प्रथम कागदावर मांडून पाहिले त्या रात्री आम्हांस उशिरापर्यंत झोप आली नाही.

जाणता खेळाडू २०० ऐकून पाने टाकतो; सढळ हाताचा टाकत नाही. तो किंमत वाचतच नाही, आपली दोन पाने तेवढी वाचतो. शेवटच्या पानानंतर आपला हात पक्का असेल आणि ८० रुपयांचा पण दहातून आठ वेळा स्वीकारला जात असेल, तर सरासरी ६४ पडतात. २०० चा पण सहाच वेळा स्वीकारला गेला तरी १२० पडतात. तेव्हा हात चांगला असता मोठा आकडा लावावा, वाईट असता गप्प बसावे. थाप मारू नये. १९४४ साली फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी खेळांच्या गणितावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात पोकरमधील थापेस स्वतंत्र प्रतिष्ठा दिलेली आहे. पण ती थाप ऐकून विचार करणाऱ्या माणसापुरती. जो पत्र उघडीतच नाही त्याला अलंकारिक भाषेत पत्र लिहून काय होणार? सढळ लोकांत दुसरी एक जात स्वतःच सपासप पण लावणाऱ्यांची. त्यांच्यापुढे स्वस्थ बसावे, ते आपणहून देतात.

आता टेबल चालविणाऱ्याविषयी. तो प्रत्येक मोठ्या पॉटमधून शेकडा ५ च्या आसपास काढून घेई. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. म्हणजे १०० रुपये भरले तर पावणेबावीस रुपये कराचे. त्यापूर्वीच, त्याच वर्षाच्या एप्रिलपासून, निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के कर मुळातून कापला जाऊ लागला होता. (पणजीस मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या बोटींस १९९६ च्या कायदादुरुस्तीने वाट मिळाली, तिथले दिवे कोणाच्या पैशावर जळतात हे काठावरल्या पोरासही कळते. फोनवरल्या टेबलास दिवे नसतात, म्हणून ते चटकन ध्यानात येत नाही.) आमच्यासारखेच हिशेबी सहा जण एका टेबलाभोवती बसले तर सहाही जण हळूहळू झिजतात. कोणास चार पैसे सुटावयाचे तर ते सढळ हाताच्या माणसाकडूनच. हे गणित आम्ही निरनिराळ्या बाजूंनी मांडून पाहिले. प्रत्येक वेळी ते त्याच एका माणसाच्या दाराशी जाऊन थांबे.

आमच्या टेबलावर तो माणूस होता. टोपणनाव आमच्याच भागातल्या एका देवीच्या नावावरून घेतलेले, पुढे चार आकडे. रात्री दहाच्या सुमारास यावयाचा आणि प्रत्येक डावात राहावयाचा. आम्ही वही ठेवली होती. तीत त्याच्यासाठी स्वतंत्र पान होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो ५०० घेऊन बसे, ते संपले की पुन्हा ५००. वीस तारखेनंतर २०० घेऊन येई. टेबलावर तो आकडा सर्वांनाच दिसत असे. त्याचा अर्थ लावण्याची गरज दुसऱ्या कोणास वाटत नसावी.

भाच्यास आम्ही हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, “मामा, तो सोडचो ना.” कोंकणीतले ते तीन शब्द त्याने वैद्याने नाडी पाहून सांगावे तशा सुरात उच्चारले. मग मराठीत वळून म्हणाला, “तुम्ही त्याच्याकडून घेतले नाहीत तर शेजारचा घेईल. तुमचा पण मात्र बरोबर असला पाहिजे.”

हे उत्तर आम्ही आयुष्यात पुष्कळ दुकानांतून ऐकले आहे, विशेषतः संध्याकाळनंतर उघडणाऱ्या. ते खोटे नाही. आम्ही पण कमी केला असता तर त्याचे पैसे त्याच्या घरी राहिले नसते, एवढे आम्हांसही कळत होते. पण जे खोटे नाही तेवढ्याने मनाचे समाधान होतेच असे नाही. एकदा त्याने अगदी फुटकळ पानांवर १८० रुपये भरले आणि गमावले, तेव्हा टेबलाच्या कोपऱ्यात लिहिण्याची जी चौकट असते तीत आम्ही लिहिले, ‘ही पाने टाकावयास हवी होती.’ थोड्या वेळाने उत्तर आले : ‘तुमच्याकडे काय होते ते पाहायचे होते.’

तेव्हापासून त्याच्या खेळाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. तो जिंकण्यासाठी भरत नव्हता. झाकलेले पाहावयास मिळावे म्हणून भरत होता. आम्ही ज्यास चूक म्हणत होतो ते त्याच्या लेखी तिकीट होते. आणि तिकिटाचा दर आम्ही ठरवीत होतो, तोही त्याला परवडतो किती हे पाहून नव्हे, तो देऊन जातो किती हे पाहून.

चातुर्मासात आमच्या देवस्थानात पुराण चालते. सभापर्व लागले की सभामंडप भरतो आणि शकुनीच्या फाशांवर श्रोते दात-ओठ खातात. आम्ही त्या वर्षी निराळेच ऐकत होतो. प्रत्येक पणाचा आकडा शकुनी सांगत नाही, धर्मराजच सांगतो. मोती, सोने, रथ, हत्ती, घोडे, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः, मग द्रौपदी. शकुनी बहुतेक वेळा फक्त ‘जिंकले’ म्हणतो आणि मधून मधून, अजून काही उरले आहे काय, एवढे विचारतो. पणाचे माप सावज आपल्या हाताने कापून देते, आणि समोरच्यास तेवढे विचारण्याचे कौशल्य असले की पुरते.

त्याच महाभारतात, वनपर्वात, बृहदश्व ऋषी धर्मराजास नळाची कथा सांगतात. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडावरील पाने-फळे मोजून दाखवितो. ती संख्याविद्या, अक्षहृदय, नळ त्याच्याकडून घेतो आणि अश्वविद्या देतो. मग पुष्करासमोर बसून एकाच डावात सर्वस्व पणास लावतो आणि जिंकतो. भाच्यास हे सांगितले तेव्हा तो हसला. “मामा, सगळे एका डावात? १९५६ सालच्या केलीच्या सूत्रात ते बसत नाही.” मग क्षणभर थांबून म्हणाला, “बसते. जिंकण्याची खात्री शंभर टक्के असेल तर सूत्र सगळेच लावा म्हणते.” मुलगा हुशार आहे. परंतु कथेतला पुढचा भाग सूत्रात नाही : नळ पुष्करास जीवदान देतो, त्याचा वाटा त्याला परत करतो आणि सन्मानाने त्याच्या नगरास पाठवितो. नळाला पुष्कराचे नगर ठाऊक होते. आमच्यापाशी देवीचे नाव आणि चार आकडे होते. जत्रेत पालखीला खांदा देताना शेजारी तोच असता तरी आम्ही ओळखला नसता.

२०२५ च्या ऑगस्टातील एका रात्री आमच्या हाती दोन राजे आले. पंचवीस म्हटले; तो एकटाच आला, पॉट ५७. तीन पाने उघडली, ५० चा पण, कॉल. चौथे पान, १५० चा पण, कॉल. पॉट ४५७ रुपयांचा झाला. पाचवे पान तिर्री. आम्ही थांबलो, आणि कधी आपणहून पण न लावणाऱ्या त्या गृहस्थाने ४० रुपये पुढे सरकवले. ४९७ रुपयांसाठी ४० ही किंमत गणिताने योग्यच होती. पण खरे सांगावयाचे तर आम्हांस त्याची पाने पाहावयाची होती. आम्ही भरले. त्याच्या हाती दोन तिर्र्या होत्या, तिसरी मध्ये नुकतीच पडलेली. पाचवे पान पडण्यापूर्वी बावीसातून एकदा घडावे असे ते घडले होते.

चौकटीत त्याने काही लिहिले नाही, आम्हीही नाही. त्याच्या पानावर ‘उणे २६५’ अशी नोंद करून आम्ही दिवा मालवला. त्याच आठवड्यात पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला, २२ तारखेस त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पुढे आम्ही ॲप उघडले तेव्हा दोन-पाचचे टेबल नव्हते. शिल्लक रक्कम बँकेत काढून घ्यावी अशी सूचना तेवढी होती.