तीन दशांश मिलिव्होल्टचा हिशेब

डेनॉनची डीएल-103 ही मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज तबकडीवरून जो संदेश उचलते, तो जेमतेम 0.3 मिलिव्होल्टचा. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून तीन ते पाच मिलिव्होल्ट सहज येतात. म्हणजे ही दहा-पंधरा पटींनी दुबळी. 1960च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी ती घडवली गेली आणि आजही तिचं उत्पादन सुरू आहे. व्हॉल्व्हच्या प्रीअँपचे शौकीन तिच्या प्रेमात पडतात आणि लगेच तक्रार घेऊन येतात, ‘आवाज बारीक येतो आणि मागे सळसळ फार आहे.’

दोष कार्ट्रिजचा नाही, प्रीअँपचाही नाही. त्यांची ओळख करून द्यायला मध्ये कुणी नसतं, एवढंच.

मूव्हिंग कॉइलमध्ये सुईबरोबर चुंबक नव्हे, तारेचं वेटोळंच हलतं. ते हलकं राहावं म्हणून वेढे मोजकेच आणि म्हणून व्होल्टेजही मोजकंच. व्हॉल्व्ह प्रीअँपची जुनी घराणी मात्र वाढली ती मूव्हिंग मॅग्नेटच्या काळात. मरांट्झ 7 हा आजही नकला होणारा प्रीअँप 1958चा. शुअरची एम3डी ही स्टीरिओ मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजही त्याच वर्षीची. 47 किलोओहमचा लोड आणि काही मिलिव्होल्टचा संदेश, हा तेव्हाचा सरळ व्यवहार. ऑर्टोफॉनची मूव्हिंग कॉइल एसपीयू 1959 साली आली, पण ती वापरणारे सुरुवातीपासूनच मध्ये ट्रान्सफॉर्मर लावत.

आता कुणी म्हणेल, अजून एक व्हॉल्व्ह वाढवा, गेन मिळेल. गेन मिळतो, पण सळसळही तेवढीच वाढून मिळते. ट्रायोड व्हॉल्व्ह स्वतः किती सळसळ करतो, याचा एक जुना आडाखा आहे: 2.5ला त्याच्या ट्रान्सकंडक्टन्सने भागा, म्हणजे तितक्या ओहमच्या रोधाएवढी सळसळ तो करतो असं धरा. ईसीसी83, म्हणजे 12एएक्स7, याचा ट्रान्सकंडक्टन्स दर व्होल्टला 1.6 मिलिअँपिअर. उत्तर येतं सुमारे 1,560 ओहम. डीएल-103चा स्वतःचा रोध 40 ओहम. जिचा मूळ आवाज चाळीसचा, तिच्यापुढे पंधराशेची सळसळ करणारा यजमान बसवलात, तर कार्ट्रिजच्या अंगभूत सळसळीवर सुमारे 16 डेसिबल जास्तीची सळसळ कानी येते. ईसीसी88 घेतला, तर आकडा 200 ओहमवर उतरतो, बराच फरक पडतो. पण तोही चाळीसच्या पाचपट. शिवाय खालच्या सुरांत व्हॉल्व्हची वेगळीच कुरकुर असते, ती या आडाख्यात धरलेलीच नाही.

ट्रान्सफॉर्मर इथे काय करतो, ते पाहा. 1:10चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज दहापट करतो, पण रोध दहाच्या वर्गाने, म्हणजे शंभरपट वाढवून दाखवतो. व्हॉल्व्हच्या ग्रिडला आता समोर 40 नाही, 4,000 ओहम दिसतात. त्यापुढे 1,560 लहान पडतात आणि जास्तीची सळसळ 16वरून दीड डेसिबलच्या आसपास येते. ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा स्वतःचा रोध थोडं खातो, तेवढं सोडून द्या. वीज न खाता, व्हॉल्व्ह न बदलता हे होतं. या कामासाठी ट्रान्झिस्टरचे हेडअँपही मिळतात आणि काही फार चांगले आहेत. पण व्हॉल्व्हचा प्रीअँप हौसेने घेतलेल्या माणसाला मी ट्रान्सफॉर्मरच सुचवतो.

मग 1:20 घेतला तर आणखी बरं, नाही का? इथे गंमत सुरू होते. प्रीअँपचा 47 किलोओहमचा लोड ट्रान्सफॉर्मरच्या उलट बाजूने वर्गाने भागून कार्ट्रिजपर्यंत पोहोचतो. 1:10ला तिला 470 ओहम दिसतात, 0.3 मिलिव्होल्टचे सुमारे 2.8 होऊन बाहेर पडतात. 1:20ला लोड उतरतो 117 ओहमवर आणि मिळतात साडेचार मिलिव्होल्ट, सहा नाही. 1:36ला लोड 36 ओहम, कार्ट्रिजच्या स्वतःच्या रोधापेक्षाही कमी. अर्ध्याहून अधिक संदेश तिच्याच वेटोळ्यात जिरतो आणि हाती लागतात पाच-सव्वापाच मिलिव्होल्ट. वेढ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट केलं आणि फायदा नावापुरता. 40 ओहमच्या कार्ट्रिजला 1:34च्या पुढे गेलं की आवाज उलट कमी होऊ लागतो.

जुन्या जपानी ट्रान्सफॉर्मरांवर ‘3’ आणि ‘40’ असा खटका असतो. हे आकडे कार्ट्रिजच्या ओहमचे. पुष्कळ जण डीएल-103 लावून खटका तीनवर ठेवतात, कारण त्यावर आवाज मोठा येतो आणि मोठा तो चांगला, असा आपल्या कानांचा भाबडा हिशेब. प्रत्यक्षात तीनची बाजू एक आकडी ओहमच्या कार्ट्रिजसाठी गुंडाळलेली. तिच्या प्रायमरीचं इंडक्टन्स कमी पडतं आणि तबल्याचा बायाँ पोकळ वाजायला लागतो. दोन्ही बाजू एकाच आवाजावर आणून ऐकल्या, तर बहुतेकांना चाळीसच आवडते. माझं मत म्हणाल तर ईसीसी83च्या प्रीअँपला 1:10 पुरतो. गेन फारच कमी असेल तर 1:20, त्यापुढे नाही.

सळसळ गेली की हमिंग ऐकू यायला लागतं. ते आधीही होतं, फक्त झाकलेलं. तबकडीची आरआयएए दुरुस्ती 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत हमिंगच्या 50 हर्ट्झला सुमारे 17 डेसिबल उचलते, 100 हर्ट्झला 13. ट्रान्सफॉर्मर तर चुंबकीय क्षेत्र वेचायलाच बसलेला असतो, म्यू-मेटलच्या डबीत असला तरी. सुई वर उचलून ठेवा, व्हॉल्यूम वाढवा आणि ट्रान्सफॉर्मर हातात धरून हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात हमिंग अचानक पडतं. तिथेच तो ठेवा, टर्नटेबलच्या मोटरपासून आणि अँपच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब. अर्थिंग एकाच जागी. मग पेन्सिलच्या रबराच्या टोकाने पहिल्या व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद घुमला तर तो व्हॉल्व्ह पुढच्या टप्प्यात ढकला, शांत असलेला पहिल्या जागी घ्या.

आपल्या संगीताला हे हमिंग फार जाचतं. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते बुडून जातं. ख्यालात तंबोरा अखंड चालू असतो आणि कान षड्जाला चिकटलेला असतो. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर हमिंगचे 100 हर्ट्झ तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये कुठेतरी पडतात. गायिकेची काळी चार धरली, तर शुद्ध निषादाच्या वर आणि षड्जाच्या खाली. कुठल्याच रागात न बसणारा स्वर, आणि तो संपूर्ण बाजूभर धरून ठेवलेला. म्हणून ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर मी भूपाची तबकडी लावतो. किशोरीताई आमोणकरांचा ‘सहेला रे’ असेल तर उत्तम. भूपाला मध्यम आणि निषाद दोन्ही वर्ज्य, त्यामुळे या जागी काहीही ऐकू आलं, तर ते गाणं नाही, वायरिंग आहे.