आवक किती, उचल किती

व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला अक्षरओळखीबरोबरच मापाची ओळख होते. आमच्या मालेगावच्या बाजार समितीत सोयाबीन-तुरीच्या हंगामात मापारी काट्याजवळ उभा राहिला की क्षणभर सारे गप्प होतात. हे मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातील मालेगाव जहांगीर. नाशिककडच्या थोरल्या नावबंधूमुळे आमची पत्रे अधूनमधून तिकडे फिरून येतात, म्हणून हा खुलासा. माणसाच्या मेंदूतही आवक आणि उचल अशीच मोजता येते, हे मात्र आम्हांला काकाजींच्या आजारपणात कळले.

काकाजी अडुसष्ट वर्षांचे. हर्रास चालू असताना त्यांची जीभ एकाएकी अडली आणि उजव्या हातातील पेन गळून पडले. दहा-बारा मिनिटांत सर्व पूर्ववत झाले. कोणी पित्त म्हणाले, कोणी उन्हाची भोवळ. मुनीमजींनी कोणाचेही न ऐकता त्यांना गाडीत बसवले आणि मेडशी-पातूरवरून थेट अकोला गाठले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या चाकरीत याहून मोठी सेवा मला तरी दिसत नाही. असा ओसरून जाणारा झटका हा इशारा असतो आणि मोठ्या झटक्याचे भय त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असते. आपल्या विदर्भातीलच गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. साधारणतः दर सात मृत्यूंमागे एक. त्यांतील बहुतेकांचा शेवट घरीच झाला होता.

नागपूरच्या तपासणीत काकाजींच्या मानेतील डावी कॅरोटिड धमनी पूर्ण बंद आढळली. घरात लगेच एकमत झाले की नस बंद आहे तर ती उघडावी, खर्चाकडे पाहू नये. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “शेठजी, रस्ता बंद आहे एवढेच चित्रात दिसले. गावात माल पोहोचतो की नाही, हे अजून कोणी पाहिलेले नाही.”

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. एका बाजूचा मार्ग बंद झाला तर दुसऱ्या बाजूचे रक्त या कड्यातून वळून येऊ शकते. कोणाचे कडे भरदार असते, कोणाचे जन्मतःच अपुरे. म्हणून एकसारखा अडथळा असलेल्या दोन माणसांपैकी एक वर्षानुवर्षे निर्धास्त दुकान चालवतो आणि दुसरा अंथरुणाला खिळतो.

रक्ताची ही आवक माणसात प्रथम नीट मोजली ती अमेरिकेतील सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी, १९४०च्या दशकात. नायट्रस ऑक्साइड हा वायू थोड्या प्रमाणात हुंगवायचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूतून परतणाऱ्या रक्तात तो किती आहे याचा ताळा मांडायचा, अशी त्यांची रीत होती. निरोगी तरुणाच्या मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५४ मिलिलीटर रक्त मिळते, असा हिशेब निघाला. म्हणजे संपूर्ण मेंदूला मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, परंतु प्राणवायूच्या खपात वीस टक्के. आणि गोदामात शिल्लक जवळजवळ शून्य! पुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते.

आवक घटली की मेंदू आधी आपल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करतो. तेवढ्याने भागेनासे झाले की आलेल्या रक्तातून प्राणवायूची उचल वाढवतो. दहा पोती आली तर एरवी तो चार उचलतो, सहा परत जातात. आवक निम्म्यावर येऊन पाचच पोती आली तरी तो चारच उचलतो. खप तोच, माणूस बाहेरून ठणठणीत; परंतु आता हाताशी एकच पोते उरलेले असते. या अवस्थेला फ्रान्सचे जाँ-क्लोद बारों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली जे नाव दिले, त्याचा भाव ‘हलाखीचा रक्तपुरवठा’ असा होतो. मला ते नाव फार समर्पक वाटते. बाहेरून भरलेले दिसणारे दुकान आतून हलाखीत असल्याचे आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिले आहे.

ही उचल मोजण्यासाठी किरणोत्सारी प्राणवायू श्वासातून देतात आणि पेट यंत्राने मेंदूत त्याचा माग काढतात. तो दर दोन मिनिटांनी निम्मा होतो. त्यामुळे जिथे रोगी तिथेच तो तयार करावा लागतो. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वैद्यांनी या पद्धतीने कॅरोटिड बंद असलेल्या ८१ रुग्णांना तपासून पुढे सरासरी तीन वर्षे पाहिले. उचल वाढलेल्या ३९ जणांपैकी १२ जणांना पक्षाघात झाला. उरलेल्या ४२ पैकी केवळ ३ जणांना. हा अभ्यास १९९८ चा. माप खरे ठरले.

मग शस्त्रक्रिया का करू नये? टाळूवरील धमनी कवटीतून आत नेऊन मेंदूच्या धमनीला जोडता येते. १९८५ साली १,३७७ रुग्णांच्या चाचणीत तिचा लाभ दिसला नव्हता. तेव्हा रुग्ण मापून निवडले नव्हते, असा आक्षेप घेतला गेला. म्हणून पुढच्या चाचणीत केवळ उचल वाढलेले १९५ जण घेतले. २०११ साली निकाल आला: दोन वर्षांत शस्त्रक्रियेच्या गटात २१ टक्के आणि औषधांच्या गटात २२.७ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरीच. जोडलेल्या धमन्या चांगल्या वाहत होत्या. पण शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याभरातच १४ टक्क्यांहून अधिक रुग्णांना झटका आला होता. सगळा नफा हमालीतच गेला म्हणायचा. धमनी पूर्ण बंद नसून ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असेल आणि झटक्याची लक्षणे येऊन गेली असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे मानेतील धमनी साफ करण्याचा लाभ १९९१ सालीच सिद्ध झाला आहे.

काकाजींसाठी डॉक्टरांनी सुलभ चाचणी निवडली. रक्तवाहिन्या रुंद करणारे ॲसिटाझोलामाइड हे औषध देऊन त्याआधीचा आणि नंतरचा रक्तप्रवाह चित्रात पाहिला. उजवीकडचा प्रवाह वाढला, डावीकडचा हलला नाही. तिथल्या वाहिन्या आधीच पूर्ण रुंदावल्या होत्या. राखीव साठा संपला होता.

शस्त्रक्रिया करायची नाही, असे ठरले. गोळ्या सुरू झाल्या. रक्तदाब एकदम खाली न पाडता हळूहळू आणायचा होता. सर्वांत अवघड अट शेवटी आली: शरीरातील पाणी कमी होऊ द्यायचे नाही. पाणी घटले, दाब उतरला, की डाव्या बाजूची आवक आणखी घटणार. काकाजींची सतरा अठाया झालेल्या, त्याही चौविहार. अठरावीचा संकल्प मनात पक्का. “पच्चक्खाणापुढे गोळी कसली?” हा त्यांचा प्रश्न. आम्हां कोणाकडेच उत्तर नव्हते.

उत्तर दिले चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींनी. त्यांनी तपासणीचा अहवाल काय सांगतो ते आमच्याकडून नीट समजून घेतले आणि एवढेच विचारले, “श्रावकजी, तपाचे प्रकार बारा. त्यांत अनशन एक. उरलेले अकरा आपण केव्हा करणार?” काकाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी ऊणोदरी आणि रसत्यागाचे नियम घेतले. स्वाध्यायाची वेळही ठरवली.

या पर्युषणात त्यांनी आठही दिवस बियासणे केले आणि नातीच्या अठाईची अनुमोदना केली. रात्री चौविहार त्यांनी सोडला नाही. दिवसाचे पाणी पुरे होत असेल तर चालेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांचे माप निराळे, ते ज्याने त्याने आपल्या वैद्याला विचारावे. आमच्या घरी काकीजी सकाळीच उकळलेले पाणी गार करून दोन लिटर मोजून ठेवत. सूर्यास्ताच्या आधी येऊन भांडे तिरपे करून पाहत. पहिल्या दोन दिवशी तळाला थोडे उरले होते. तिसऱ्या दिवसापासून उरले नाही.