बांधकाम परवानग्यांचे आकडे आणि प्रत्यक्ष घरे

एखाद्या शहरात येत्या तीन-चार वर्षांत किती घरे उभी राहतील याचा अंदाज बांधताना अभ्यासक घरविक्री किंवा कर्जवाटपाच्या आकड्यांआधी बांधकाम परवानग्यांकडे वळतो, कारण पायाचा खड्डा खणला जाण्यापूर्वीच त्या इमारतीची नोंद नियोजन प्राधिकरणाच्या दप्तरी झालेली असते. अमेरिकेत जनगणना विभाग हे आकडे दरमहा प्रसिद्ध करतो आणि अर्थव्यवस्थेच्या पुढील वाटचालीचा कानोसा घेणाऱ्या निर्देशांकात त्यांना स्थान असते. महाराष्ट्रात मात्र या नोंदी महानगरपालिका, नगरपरिषदा, प्रदेश विकास प्राधिकरणे आणि ग्रामपंचायती यांच्याकडे विखुरलेल्या आहेत, त्यामुळे येथे बेरीज करण्याआधी प्रत्येक नोंद कशी जन्माला आली हे तपासावे लागते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये मिळणाऱ्या परवानगीचा दृश्य पुरावा म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला व्यवसायात सर्रास ‘सीसी’ म्हटले जाते. त्यानंतर पाया जमिनीच्या वर आला की मंजूर नकाशाप्रमाणे काम झाले आहे की नाही हे पाहण्यासाठी जोते तपासणी होते आणि इमारत राहण्यायोग्य झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ‘ओसी’, दिले जाते. यांपैकी पहिल्या टप्प्याचे आकडे सर्वात सहज मिळतात आणि सर्वात जास्त दिशाभूलही तेच करतात. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत मुळात एक वर्षाची असून ती वाढवून घेता येते, त्यामुळे कागदावर जिवंत असलेल्या परवानगीच्या भूखंडावर प्रत्यक्षात फक्त पत्र्याचे कुंपण असू शकते. बाजाराचा कल खरोखर दिसतो तो प्रारंभ आणि जोते या दोन तारखांमधील अंतरात: ते वाढू लागले तर परवानग्यांची संख्या चढती असली तरी विकासकांचा हात आखडलेला आहे असे मानण्यास जागा असते.

मोजणीतील सर्वात मोठा घोळ सुधारित परवानगीमुळे होतो. समजा, एका प्रकल्पाला प्रथम 200 सदनिकांची मंजुरी मिळाली, पुढे हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) विकत घेऊन मजले वाढवल्यावर 260 सदनिकांची सुधारित मंजुरी झाली आणि शेवटी शेजारचा भूखंड जोडून ती 310 वर गेली, तर नोंदवहीत तीन परवानग्या दिसतात आणि त्यांची सरळ बेरीज 770 भरते, वास्तविक घरे मात्र 310 च असतात, कारण प्रत्येक सुधारित नकाशात आधीची संख्या अंतर्भूत असते. म्हणूनच सर्व्हे क्रमांक आणि भूखंड क्रमांक यांवरून एकाच प्रकल्पाच्या नोंदी जुळवून फक्त शेवटची नोंद धरणे, किंवा दोन मंजुरींमधील फरकच त्या वर्षाच्या खात्यावर टाकणे, ही या कामातील पहिली शिस्त आहे. हे काम कंटाळवाणे असते, आणि बहुधा त्यामुळेच ते टाळले जाते.

दुसरी शिस्त नियमांचे वेळापत्रक हाताशी ठेवण्याची आहे. जानेवारी 2021 मध्ये राज्य शासनाने बांधकामावरील विविध अधिमूल्यांत (प्रीमियममध्ये) 31 डिसेंबर 2021 पर्यंत 50 टक्के सवलत जाहीर केली आणि लाभ घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे अशी अट घातली. तेव्हा त्या वर्षअखेरीस मुंबईत मंजुरीसाठी जी झुंबड उडाली ती घरांची मागणी एकाएकी वाढल्यामुळे नव्हती, तर पुढील कित्येक वर्षांचे प्रकल्प सवलतीची मुदत संपण्याआधी कागदावर आणून ठेवण्याच्या घाईमुळे होती. हीच गोष्ट लहान प्रमाणावर मार्चमध्ये घडते, कारण अधिमूल्य जमिनीच्या वार्षिक बाजारमूल्य दराशी, म्हणजे ‘रेडीरेकनर’शी, बांधलेले असते आणि नवे दर 1 एप्रिलपासून लागू होतात. मार्चच्या आकड्यावरून तेजीची बातमी छापणाऱ्याने निदान एप्रिल आणि मे यांची वाट पाहावी.

क्षेत्रफळाच्या आकड्यांत याहून अवघड खाच आहे. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागास लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने चटई क्षेत्र मोजण्याची पद्धतच बदलली: पूर्वी अधिमूल्य भरून मोजणीबाहेर ठेवता येणारे जिने, बाल्कनी यांसारखे भाग आता मजल्याच्या बाह्य परिघरेषेच्या, म्हणजे नकाशावरील ‘पी लाइन’च्या, आत मोजले जातात आणि त्याची भरपाई म्हणून निवासी इमारतींना 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक चटई क्षेत्र दिले जाते. परिणामी तेवढ्याच आकाराची इमारत नव्या नकाशावर अधिक चौरस मीटरची दिसते, आणि 2019 व 2022 या वर्षांचे मंजूर क्षेत्र शेजारी ठेवून काढलेली वाढ बऱ्याच अंशी मोजपट्टीची वाढ असते.

पुण्यात हद्दीचाही प्रश्न येतो. महानगरपालिकेत 2017 मध्ये 11 आणि 30 जून 2021 रोजी 23 गावे समाविष्ट झाली, परंतु या 23 गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचीच नेमणूक करण्यात आली, त्यामुळे ‘पुणे शहरातील परवानग्या’ हा शब्दप्रयोग कोणत्या नकाशावरून केला आहे हे सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतो. कोथरूड किंवा डेक्कन परिसरातील जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासात तर नव्या सदनिकांमधून पाडलेल्या सदनिका वजा कराव्या लागतात. 24 बिऱ्हाडांच्या जागी 60 सदनिका मंजूर झाल्या तर शहरात 36 घरांचीच भर पडते, शिवाय बांधकाम चालू असताना ती 24 कुटुंबे भाड्याच्या घरांच्या बाजारात उतरतात.

या सर्व दुरुस्त्या केल्यानंतरही नोंदवहीच्या बाहेर राहणारी घरे उरतात, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत ती थोडीथोडकी नाहीत. गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे विनापरवाना तुकडे पाडून झालेल्या वसाहतींत, बांधलेले घर 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमित होते तेव्हा त्याची नोंद बांधकामानंतर दहा-वीस वर्षांनी उमटते. नियमितीकरणाची मूळ मर्यादा 1 जानेवारी 2001 होती, ती 2021 मधील दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली गेल्यावर जुन्या घरांच्या नव्या नोंदींना वाट मिळाली. अशा वस्त्यांचा माग परवानगीपेक्षा मिळकतकराची आकारणी आणि वीजजोडण्या यांवरून अधिक नीट लागतो, कारण कर विभाग अनधिकृत इमारतीलाही कर लावतो आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तर अशा घरांवरील शास्तीकराचा प्रश्न अनेक वर्षे निवडणुकीच्या सभांतून गाजत राहिला.

ग्रामीण भागात सुमारे 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी नगररचना विभागाकडे जावे लागत नाही, आवश्यक कागदपत्रे ग्रामपंचायतीकडे दिली की पुरते, त्यामुळे तेथील गृहबांधणी मोजण्याचे साधन म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणी नोंदवही, वापरणे अधिक योग्य ठरते. या नोंदवहीत घराचा प्रकारही लिहिलेला असतो, दगडविटांचे मातीत बांधलेले की सिमेंटमधील आरसीसी, आणि एकाच घराच्या दोन आकारण्या ताडून पाहिल्या की कौलारू छप्पर जाऊन स्लॅब कधी पडला हे साधारण कळते. अडचण एवढीच की आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते, त्यामुळे दरम्यान बांधलेली पुष्कळशी घरे एकाच वर्षी उगवल्यासारखी दिसतात आणि त्या वर्षाचा आकडा चार वर्षांत विभागल्याशिवाय गावाच्या बांधणीचा वेग काढता येत नाही.