आमची यांत्रिक होडी

निवृत्त शिक्षकाच्या दारीं यांत्रिक होडी दिसली म्हणजे या गृहस्थास उतारवयांत हें काय सुचलें, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत सहज उद्भवतो. म्हणून प्रथमच सांगून टाकतों कीं, ती मीं विकत घेतलेली नाहीं. माझ्या निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षीं पुण्याच्या चिरंजीवांनीं ती पाठविली; सुटींत मुलें येथें रमावींत, हा हेतु. आम्ही सारस्वत, मत्स्याहार घरीं निषिद्ध नाहीं, आणि घर कर्लीच्या खाडीकांठीं, वालावलच्या बाजूस. तेव्हां होडी अगदींच अस्थानीं आली असें म्हणतां यावयाचें नाहीं.

होडी फायबरची, चौदा फूट लांबीची. मागील फळीस बाहेरून आवळून बसविलेलें आठ अश्वशक्तीचें यंत्र. असलीं यंत्रें लोकप्रिय केलीं तीं ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या आणि अमेरिकेंत वाढलेल्या कारागिरानें. भावी पत्नीसाठीं आइस्क्रीम आणावयास तो तळ्यांतून वल्हीं मारीत गेला व परत येईपर्यंत तें वितळून गेलें, त्यावरून त्यास ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. १९०९ च्या सुमारास त्यानें आपलीं यंत्रें विकण्यास आरंभ केला. त्याच्या नांवाच्या यंत्रांचें उत्पादन २०२० सालीं बंद झालें. ही कथा मीं नातवंडांस सांगितली, तेव्हां त्यांनीं चौकशी केली ती फक्त आइस्क्रीमची!

आमच्या यंत्रास ५० लिटर पेट्रोलास १ लिटर तेल या प्रमाणांत मिश्रण लागतें. चालू होतांच त्याच्या कुशींतून पाण्याची बारीक धार पडूं लागते; ती पडेनाशी झाली तर आंत थंडावा पोंचत नाहीं असें समजून यंत्र तत्काळ बंद करावें. खाऱ्या पाण्यांतून आल्यावर पिंपांत गोडें पाणी घेऊन त्यांत तें थोडा वेळ चालवावें, नाहींतर मीठ आंतल्या आंत धातु खातें. शिवाय एक लाल दोरी असते. तिचें एक टोंक यंत्रास व दुसरें चालविणाराच्या मनगटास. माणूस पाण्यांत पडला कीं दोरी सुटते, यंत्र थांबतें, आणि पंख्याचीं पातीं त्याच्या अंगावर येत नाहींत. एक सूत्र खांद्यावर आणि एक मनगटावर, असें मी विनोदानें म्हणत असें. वर्गांत ‘कर्णधार’ शब्दाची फोड मीं अनेक वर्षें शिकविली होती : कर्ण म्हणजे सुकाणूं, तें धारण करणारा तो कर्णधार. प्रत्यक्ष सुकाणूं हातीं आलें तें वयाच्या साठीस.

दोन वर्षांपूर्वीं भाऊबीजेच्या दुपारीं जेवणें आटोपून मी तिन्ही नातवंडांसह निघालों. कोंकणांत भरतीचा एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते. द्वितीया, म्हणून दीड वाजतां पूर्ण भरती. हा हिशेब मीं मुलांकडून तोंडीं करवूनहि घेतला. अमावास्येला लागून असलेले ते उधाणाचे दिवस. ओहोटीची ओढ तशीच जबर असणार, हें मला ठाऊक होतें. परंतु यंत्र हाताशीं असलें कीं पंचांगाचा धाक कमी होतो. वल्हीं जागा अडवितात म्हणून मीं तीं माळ्यावर टाकलीं होतीं, आणि जीवरक्षक जाकिटें मुलांनीं उशीसारखीं खालीं घेतलीं, तीं तशींच राहूं दिलीं.

गळास दोन तांबोश्या लागल्या. “अजून पुढें, आजोबा,” असें करतां करतां आम्ही देवबागच्या संगमाजवळ आलों. साडेतीनच्या सुमारास वाहत आलेल्या जुन्या जाळ्याचा गुंता पंख्यास बसला आणि यंत्र आचका देऊन थांबलें. होडी आडवी होऊन मुखाकडे चालली. पुढें वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या. मीं नांगर टाकला. दोर आंखूड, तो तळ धरीना. मुलांस जाकिटें चढवितांना पट्टे माझ्या बोटांस सांपडेनात. धाकटा रडूं लागला. थोरली नात मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती, आणि तें पाहणें मला लाटांहून कठीण गेलें.

एका गाबीत गृहस्थानें, जो पूर्वीं माझ्या वर्गांत होता, आपली होडी जवळ आणून दोर फेकला. शांत पाण्यांत येईपर्यंत तो कांहीं बोलला नाहीं. मग आमच्या होडींत डोकावून एवढेंच म्हणाला, “गुरुजी, वल्ही खंय असत?” मला उत्तर देतां आलें नाहीं. जाळें कापून, पंखा मोकळा करून तो निघून गेला.

यापुढें जें घडलें तें सांगण्यासाठींच खरें म्हणजे हा लेख लिहावयास घेतला. घर दिसूं लागतांच मीं मुलांस म्हटलें, “आजीला हें सांगूं नका हं.” सत्य बोलावें, असें मुलांच्या पिढ्यांस शिकविलेल्या माणसाच्या तोंडून हें वाक्य निघालें! संध्याकाळीं थोरली नात भावांस ओंवाळीत असतां सौ.नें सहज विचारलें, “आज इतकी गप्प कां ग?” “कांहीं नाहीं, आजी,” ती म्हणाली. एवढ्या सफाईनें खोटें बोलतांना मीं तिला कधीं पाहिलें नव्हतें. आणि तें तिला कोणीं शिकविलें होतें?

रात्रीं मीं सर्व सांगितलें. सौ. रागावली असती तर बरें झालें असतें. ती कांहींच बोलली नाहीं. सकाळीं तिनें गड्याकरवीं वल्हीं माळ्यावरून काढविलीं आणि नातवंडांस जवळ बसवून म्हटलें, “आजोबांनीं मला सगळें सांगितलंय. आतां तुम्ही सांगा.” मुलें तासभर बोलत होतीं.

तेव्हांपासून होडी सुटण्यापूर्वीं ती कांठावर उभी राहून मोजते : वल्हीं, जाकिटें, मुलें. स्वतः मात्र होडींत तिनें कधीं पाऊल ठेवलें नव्हतें. गेल्या दिवाळीच्या सुटींत एके पहाटे तिनें विचारलें, “आज तिथि कोणती?”

“एकादशी. भरती सव्वाआठाला, उधाण ओसरलें आहे, पाणी शांत असेल.”

“मग आज मासे नकोत,” ती म्हणाली, “पण पाण्यावर जायला काय हरकत आहे?”

त्या सकाळीं होडींत गळ नव्हता. जाकिटें मात्र पांच होतीं, आणि पांचही अंगांत.