तिसरे बाळंतपण

बायकांच्या बोलण्यात 'पिशवी' हा शब्द मोठा सोयीचा आहे. "धाकट्या जावेची पिशवी काढली," असे एक सांगते आणि दुसरी "अगबाई!" म्हणून गप्प बसते. कशासाठी काढली, हे ती विचारीत नाही. सांगणारीलाही ते बहुधा ठाऊक नसते. भाजीची पिशवी हरवली तर आपण याहून अधिक चौकशी करतो! देवळाच्या गाभाऱ्याला आपण गर्भगृह म्हणतो, आणि खऱ्या गर्भाच्या घराला पिशवी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली शिक्षिका. सवडीने कादंबऱ्या लिहिते. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार. तरी या शब्दाचा विचार मी कधी केला नव्हता. तो शेहेचाळिसाव्या वर्षी करावा लागला.

गेल्या आषाढात दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांतच रक्त दिसू लागले. पाळी जाण्याच्या वयात असे चालायचेच, असे शाळेतल्या चौघीजणींनी सांगितले. पुष्कळदा ते खरेही असते. पण आपल्या बाबतीत ते खरे आहे की नाही, हे चौघींनी सांगायचे नसते. म्हणून त्याच आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले. त्याचा एवढासा तुकडा तपासायला गेला आणि काही दिवसांनी कागद आला. कागदावर कर्करोग होता.

"ताई, हा गर्भाशयाच्या मुखाचा नव्हे, आतल्या अस्तराचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोक दोघांची गल्लत करतात. मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो. त्याला लस आहे, आधी कळावे म्हणून चाचणीही आहे. याला लस नाही, आणि त्या चाचणीवर याच्यासाठी विसंबून चालत नाही. पण हा स्वतःच हाक मारतो. दहांतल्या नऊजणींना अवेळी रक्त दिसते. ती हाक वेळेवर ऐकली, तर तो बहुधा घराच्या आतच सापडतो."

गर्भाशय, दोन्ही नलिका आणि दोन्ही बीजकोश काढायचे ठरले. पुण्याच्या इस्पितळात, दुर्बिणीतून. श्रावणातली तारीख मिळाली.

बाईमाणसाची अशा वेळची तयारी म्हणजे काय? मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसरीचा वर्ग दुसऱ्या बाईंच्या हवाली केला. कोण चष्मा विसरतो, कोण डबा आणीत नाही, हे लिहून दिले. कादंबरीची नायिका अकराव्या प्रकरणात ट्रंक घेऊन फलाटावर उभी होती. तिला तशीच उभी ठेवली. आणि आमच्या ह्यांनी तर कमालच केली! बावीस वर्षांत ज्यांच्या तोंडून 'पाळी' हा शब्द कधी निघाला नव्हता, त्यांनी डायरीत सतरा प्रश्न लिहून आणले आणि डॉक्टरीणबाईंना क्रमाने विचारले. कान लाल झाले होते. पण एकही प्रश्न गाळला नाही. नवऱ्याची माया अशा आडवाटेने कळते.

आदल्या रात्री बारावीतली माझी मुलगी जवळ बसली होती. तिने हळूच विचारले, "आई, दादा आणि मी जिथे राहिलो, ती जागा उद्या कुठे जाणार?"

मी म्हटले, "फॉर्मॅलिनमध्ये बुडवून तपासणीला." मग तिला आणखी सांगितले. ही जागा एरवी लहान पेरूएवढी असते, वजन शंभर ग्रॅमही नाही. तुमच्या वेळी ती जवळजवळ किलोभर झाली, आणि काम संपल्यावर सहा आठवड्यांत मुकाट्याने पुन्हा होती तेवढी झाली. घरात इतके काम करून इतके कमी बोलणारे दुसरे कुणी मला ठाऊक नाही. मुलगी हसली. मग दोघींनी मनसोक्त रडून घेतले. त्या रडण्याने फार बरे वाटले.

शस्त्रक्रियेनंतर जागी झाले ती खांदा दुखतो म्हणून. पोट कापले आणि दुखतो खांदा, हा काय प्रकार! परिचारिकेने उलगडा केला: दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात वायू भरतात, तो पूर्ण निघेपर्यंत त्याची कळ खांद्यात येते. दुसऱ्या दिवशी तिने मला चालवले, नाहीतर पायांत रक्ताच्या गाठी होतात म्हणाली. तीन रंगीत चेंडूंचे एक खेळणे हाती दिले. श्वास ओढून ते वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकच चेंडू हलला. तिसरीच्या मुलांना मी उगाच "जोर लावा" म्हणते, असे वाटून गेले.

घरी आले आणि सासूबाईंनी माझा ताबा घेतला. त्यांच्या संग्रही अशा दुखण्याचा एकच विधी होता, तो म्हणजे बाळंतपणाचा. बाजेखाली शेगडी, कानाला रुमाल, डिंकाचे लाडू, आणि सव्वा महिना घराबाहेर पाऊल नाही. मी म्हटले, "अहो आई, पण बाळ कुठे आहे?"

त्या लाडू वळीत म्हणाल्या, "तूच की!"

मौज अशी की डॉक्टरीणबाईंचे नियमही फारसे निराळे नव्हते. सहा आठवडे जड उचलायचे नाही. पाण्याची कळशी नाही, वह्यांचा गठ्ठासुद्धा नाही. फक्त शेगडी आणि लाडू त्यांनी रद्द केले. अंगावरची चरबीही स्त्रीरस तयार करते, आणि तो प्रमाणाबाहेर झाला की अस्तर वाढत राहते. म्हणून लठ्ठपणा या रोगाला वाट करून देतो, मधुमेहही त्याचा सोबती. सासूबाईंनी हे शांतपणे ऐकले आणि लाडू मुलाच्या डब्यात भरले.

सर्वांत कठीण गेले ते तपासणीच्या अहवालाची वाट पाहणे. मी वाचायला पुस्तक घेई आणि तेच पान तीनदा वाची. शेवटी अहवाल आला: रोग अस्तरातच होता, स्नायूत शिरला नव्हता. किरणोपचार नकोत, ठराविक महिन्यांनी तपासणी मात्र चुकवायची नाही. ह्यांनी डायरीतला सतरावा प्रश्न खोडला. तो कोणता होता, हे मी विचारले नाही.

बीजकोश गेल्यामुळे पाळी थांबण्याची सारी लक्षणे एकदमच आली. भर पावसात अंगातून वाफ निघावी, मध्यरात्री पंखा लावावा, विनाकारण डोळे भरावेत. मग नवरात्र आले. सासूबाई म्हणाल्या, "घट तूच बसव. आता तुला कॅलेंडर पाहायला नको." तीस-बत्तीस वर्षे प्रत्येक सणाआधी मी तारखा मोजल्या होत्या. घटाच्या मातीत धान्य पेरताना वाटले, माझी माती गेली खरी; पण पेरणारा हात कुठे गेला?

पिशवीची कथा सगळीकडे अशी नसते. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारने पाहणी केली, तेव्हा सुमारे 82 हजारांपैकी 13 हजारांहून अधिकजणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा खाडा म्हणजे मजुरी बुडणार. आणि कर्करोगाची भीती घालूनही कित्येकींच्या शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी होत्या. ज्या शस्त्रक्रियेने माझा जीव वाचवला, तीच त्यांच्यावर अशी लादली गेली. दोन्हींना आपण एकच वाक्य वापरतो, 'पिशवी काढली', आणि पुढे विचारीत नाही. म्हणून गरज नसताना ती निघते, आणि गरज असताना बाई घरात बसते.

यंदा आमच्याकडे चकलीचा सोऱ्या मुलाच्या हाती आहे, आणि चकल्या नाना आकारांच्या झाल्या आहेत. तुमच्याकडेही फराळाला बायका जमतील. त्यांतली एखादी स्वयंपाकघरात येऊन, आवाज खाली करून, "मध्येच डाग दिसतो" किंवा "पाळी जाऊन चार वर्षे झाली, तरी" असे काही सांगू लागेल. तिला "वयाचे असेल" म्हणू नका. करंजीची बशी बाजूला ठेवा, कधीपासून ते विचारा, आणि पाडव्यानंतर तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा ते साधेच काही निघेल. तसे निघाले, तर परतताना दोघींनी चहा प्यावा.