सवलतीची शेवटची तारीख

अमेरिकेत स्वतःच्या घरावर सोलर पॅनल बसवणाऱ्याला आयकरात खर्चाच्या 30 टक्के सूट मिळायची. ती 31 डिसेंबर 2025 ला बंद झाली. मेडशीत बसून मास्तरला याचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण माझा एक भाचा तिकडे आहे आणि त्याची ही सूट हुकली. जुलै 2025 मध्ये कायदा बदलला. त्याआधी ही पूर्ण सवलत 2032 पर्यंत मिळणार होती. मग काय, जो तो घाईला पेटला, कंत्राटदारांकडे रांगा लागल्या आणि भाच्याचं काम जानेवारीत पुरं झालं. नियम असा की काम ज्या दिवशी पूर्ण होईल तो दिवस धरायचा. 25 हजार डॉलरचं काम, म्हणजे साडेसात हजारांचा फटका. "मामा, बावीस दिवसांनी हुकलं हो," म्हणाला.

मी त्याला म्हटलं, तुमच्याकडे हे दुसऱ्यांदा होतंय. 1978 साली अशीच सूट दिली होती. पुढच्या वर्षी कार्टर साहेबांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवायचे सौर संच बसवले. 1985 अखेर सूट संपली आणि 1986 मध्ये रेगनच्या काळात ते संचही खाली उतरले. मास्तरकीची खोड, दुसरं काय! पण मी त्याला आणखी एक विचारलं, ज्याला करच भरावा लागत नाही इतकी ज्याची कमाई कमी, त्याला काय मिळायचं? थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "काहीच नाही मामा. भरायच्या करातूनच वजा व्हायचे ना ते."

हे उत्तर डोक्यातून जाईना. कारण हे मी इथेच पाहिलेलं आहे.

1981-82 पासून सरकारने बायोगॅसची राष्ट्रीय योजना सुरू केली. आमच्याकडे गोबरगॅस बसला तो 1986 च्या सुमाराला, अनुदानातून. जमिनीत विटांचा घुमट. सकाळी शेण आणि तितकंच पाणी कालवून आत सोडायचं. आईला आयुष्यात पहिल्यांदा चूल न फुंकता चहा करता आला. निळी ज्योत पेटली की ती नुसती बघत बसायची. डोळ्यांतून पाणी नाही, भांड्यांना काजळी नाही. हिवाळ्यात गॅस कमी यायचा, तेव्हा चुरचुरत पुन्हा चुलीकडे. उरलेली स्लरी शेतात जायची आणि तिचं खत शेणखतापेक्षा सरस, असं वडील म्हणायचे.

पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं. म्हणजे दावणीला चार-पाच गुरं हवीत. ज्याच्याकडे गुरं त्याला अनुदान. शेजारच्या मजूर बाईकडे एक बकरी. त्याआधी आमच्या गोठ्यातलं थोडं शेण ती गोवऱ्या थापायला न्यायची, आई कधी नाही म्हणाली नाही. गॅस आला आणि शेणाला किंमत आली. कोणी ठरवून केलं नाही, पण तिचं शेण बंद झालं. अनुदान आमच्या घरी आलं आणि सरपणासाठी तिची पायपीट वाढली. सरकारच्या कोणत्याही अहवालात हा हिशेब मांडता येईल का, मला शंका आहे.

तिच्या वाट्याला आली ती निर्धूर चूल. तीही चांगली होती हो, धूर नळीतून बाहेर जायचा. पण वर्षा-दोन वर्षांत सिमेंटची नळी फुटली, दुरुस्त कोण करणार? 2002 मध्ये केंद्राने ती योजनाच बंद केली. सूर्यचुलीचं अनुदान त्याआधीच, 1994 साली गेलं होतं. पाणी तापवायच्या सौरबंबाचं 2014 साली.

मोठ्यांचं मात्र वेगळं. आयकरात घसारा म्हणून एक प्रकार असतो, यंत्राची किंमत दरवर्षी थोडीथोडी नफ्यातून वजा करायची. पवनचक्कीला पहिल्याच वर्षी 80 टक्के वजा करता यायचे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं राहिलं, त्यात या सवलतीचा हात मोठा. 2012 मध्ये ती काढली तर देशात नव्या पवनचक्क्या वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आल्या. 2014 मध्ये परत दिली, 2017 पासून 40 टक्क्यांवर आणली. कारखानदारांनी ओरड केली की दिल्लीत ऐकू जातं. फुटलेल्या नळीची ओरड मालेगाव तालुक्याच्या बाहेरही गेली नाही.

असो. आता आपल्याकडे पीएम सूर्यघर योजना आहे, फेब्रुवारी 2024 पासून. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार. मुदत 2026-27 पर्यंत. इथे कर भरण्याची अट नाही, ही गोष्ट मला अमेरिकेपेक्षा शहाणपणाची वाटते. पण आधी सगळं काम करायचं, तपासणी व्हायची, मग पैसे खात्यात. बँका कर्ज देतात हे खरं, पण ज्याचं महिन्याचं बिलच तीनशे रुपये, तो दीड-दोन लाखांचं काम कशाला काढेल?

त्या शेजारणीचा मुलगा परवा विचारायला आला होता. "गुरुजी, आमच्या टिनावर बसते का हे?" मी म्हटलं, टिन पक्कं असेल, खालच्या लोखंडाला वजन पेलत असेल तर बसतं. त्याने वर पाहिलं आणि हसला. त्यांचं टिन दरवर्षी वावटळीत दगड ठेवून धरतात. गावात मुदतीआधी ज्यांचे अर्ज जातील ते सगळे स्लॅबवाले, माझ्यासारखे पेन्शनर. पुढे अनुदान संपलं तर वर्तमानपत्रात आमचीच नाराजी छापून येईल. त्याचं काय गेलं म्हणून तो नाराज होणार?

मला स्वतःला तीन किलोवॅटचा अंदाज आलाय, एक लाख नव्वद हजार. महिन्याला साधारण 300 युनिट वीज होते म्हणतात. आमचा खप त्याच्या निम्मासुद्धा नाही. तो माणूस मात्र सारखं 78 हजार, 78 हजार करत होता. शेवटची तारीख जवळ आली की लोक गरजेपेक्षा मोठं घेतात, भाच्यानेही घेतलंय. मी दोनच किलोवॅट सांगितलं.

हे सगळं ऐकून सौभाग्यवतींनी एकच विचारलं, "लाईन गेल्यावर लाइट लागते का?"

लागत नाही. बॅटरी नसलेला संच लाईन गेली की आपोआप बंद पडतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसेल. दुपारी डोक्यावर ऊन आणि घरात पंखा बंद. बॅटरीवर या योजनेत वेगळं अनुदान नाही.

"मग कायले घ्याव एवढं?" म्हणाल्या, आणि आत गेल्या. अर्ज अजून टेबलावरच आहे. तुमच्यापैकी कोणी दोन किलोवॅटचा बसवला असेल तर बिल किती येतं ते जरूर कळवा.