मुकुंदराजांचा शोध, मोबाइलवर

लेक मराठीत एम.ए. करते. तिला जुने मराठी कवी मुकुंदराज यांच्यावर टिपण लिहायचं होतं. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा मानतात. त्यांची अंबानगरी म्हणजे आपल्या कुही तालुक्यातलं आंभोरा की मराठवाड्यातलं अंबाजोगाई, हा अभ्यासकांचा जुना वाद. चैतन्येश्वराच्या दर्शनाला मी कितीदा आंभोऱ्याला गेले, पण हे मला ठाऊक नव्हतं.

गावात पुस्तक मिळेना. मोबाइलवर शोधलं, तर एका साइटने पीडीएफ देण्याआधी कार्डाचा नंबर मागितला. दुसरीकडे बटण दाबलं की नुसत्या जाहिराती. लेक रडकुंडीला आली.

मग ग्रंथालयातल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “पैसे नका भरू ताई. आधी विश्वकोश पाहा.” मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे. मुकुंदराजांवर नोंद आहे. मजकूर टाइप केलेला, त्यामुळे लहान फोनवरही नीट वाचता येतो आणि डेटा कमी जातो. सुरुवात इथूनच करावी.

खरा त्रास जुन्या पुस्तकांचा. इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेली मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण पुष्कळांची नावं रोमन लिपीत आणि कशाही स्पेलिंगने टाकलेली. देवनागरीत शोधून काही येईना. मॅडमनी नाव तोडून, जोडून, एखादं अक्षर बदलून पाहिलं, तेव्हा कामाची पुस्तकं निघाली. १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियरही तिथंच आहे. या फायली जड असतात. आमच्याकडे संध्याकाळी नेट रांगतं, म्हणून पहाटे उतरवून घेतल्या.

आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररीतही नाव नोंदवलं. तेही मोफत. पण तिथं पुस्तकाचं नाव दिसलं म्हणजे पुस्तक उघडेलच असं नाही. बरेचदा ती दुसऱ्या साइटवर पाठवते, आणि काही साहित्य ठरावीक संस्थांच्या लोकांनाच खुलं असतं. तिथं फार वेळ घालवू नये, असं माझं मत.

टिपण वेळेत गेलं.

शाळेतल्या पोरांच्या आईवडिलांना एक सांगते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या साइटवर मोफत उतरवता येतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाचीही पुष्कळ पुस्तकं तशीच मिळतात. कोणी त्यांचे पैसे मागितले तर देऊ नका, आधी ग्रंथालयात जाऊन विचारा.